नळ आहे ना? मग पाण्याचं काय विचारता!

पुण्याच्या समाविष्ट गावात फ्लॅट बघायला जाल तेव्हा कृपा करून नळ सोडून बघू नका. बिल्डरच्या माणसाला वाईट वाटतं. जलतरण तलाव बघा, क्लब हाऊस बघा, बाराव्या मजल्यावरून टेकडी बघा. पाणी हा महापालिकेचा विषय, आणि महापालिका तिथे आत्ताच तर पोचली आहे. 2017 मध्ये 11 गावं पुण्यात आली, 2021 मध्ये आणखी 23. गावं आत घ्यायला एक अधिसूचना पुरते. जलवाहिनीला मेली जमीन खणावी लागते.

शिवाय बिल्डरनं हमीपत्र दिलंय की! पालिकेचं पाणी येईपर्यंत पाणी पुरवायची जबाबदारी त्याची. हे वाचून निर्धास्त व्हा. सोसायटी तुमच्या ताब्यात आली की टँकरची बिलंही तुमच्याच ताब्यात येतील, तेव्हा हमीपत्र फ्रेम करून लॉबीत लावा.

टँकरला मात्र नावं ठेवू नका. अख्खी विकास योजना त्याच्या चाकांवर चालते. जलवाहिनी नाही म्हणून टँकर. दहा हजार लिटर घेऊन, मागच्या झडपेतून गळत, तो दिवसभर फिरतो म्हणून रस्ता उखडतो. आणि जलवाहिनी टाकायचीच आहे, मग आत्ता डांबर कशाला, म्हणून रस्ता होत नाही. चुकून झालाच, तर पुढच्या महिन्यात ड्रेनेजवाले येतात. त्यांनी बुजवला की केबलवाले. मधल्या काळात चेंबरची झाकणं रस्त्याच्या वर वीतभर उभी असतात. रात्री दुचाकीवरून येताना ती गतिरोधक समजावीत.

डीपी रोडची, म्हणजे विकास आराखड्यातल्या रस्त्याची, काळजी सोडा. नकाशात तो आहे. जागेवर मध्येच एखादा गोठा लागेल. मालकाला रोख मोबदला हवाय, पालिका टीडीआर, म्हणजे पैशांऐवजी दुसरीकडे बांधकामाचा हक्क, घ्या म्हणतेय, म्हशी तटस्थ आहेत. कात्रज-कोंढवा रस्ता 84 मीटर व्हायचा होता. भूसंपादन झेपेना, तेव्हा 50 मीटरवर भागवायचं ठरलं. रस्ता रुंद करण्याची ही पद्धत आपण शोधलेली, श्रेय घ्यायला लाजू नका.

पाणी कुठून येतं हे तर मुळीच खोदून विचारू नका. 2025 च्या जानेवारीत पुण्याजवळच्या किरकटवाडी, नांदेड गाव, धायरी भागात जीबीएसचे (गुलेन-बारी सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे) रुग्ण वाढले, तेव्हा कुठे विहिरीच्या पाण्यावर नीट प्रक्रिया होते का, याची चौकशी सुरू झाली. त्यासाठी माणसं अतिदक्षता विभागात जावी लागली. एरवी अर्जावर पोच मिळते.

समोरच्या प्लॉटवर नव्या स्कीमचा बोर्ड लागला तर हरकत वगैरे घेत बसू नका. त्यांचंही हमीपत्र झालेलं असेल. त्यापेक्षा आजच टँकरवाल्याशी वर्षाचा दर बांधून घ्या. समोरचे राहायला आले की तो फोन उचलत नाही.