पोटातली 'चिप' आणि येळवशीला फिरलेला मेसेज

येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, निलंग्याकडं मामांच्या शेतात कोपीपुढं पंगत बसली होती. भज्जी-उंडे झाले, आंबिलीचा दुसरा तांब्या फिरायला लागला, आणि मामांनी मोबाईल माझ्यापुढं धरला. "तू मशिनीचं काम करतूस नव्हं? ह्ये खरंय का सांग."

पंधरा दिवस आमच्या प्रत्येक ग्रुपवर फिरणारा तोच मेसेज होता. त्यात चार गोष्टी होत्या. पोटात दुसरा मेंदू असतो आणि माणूस आधी तिथं विचार करतो. आनंदाचं रसायन 95 टक्के पोटात बनतं, तेव्हा डिप्रेशनच्या गोळ्या फेका आणि पोट साफ ठेवा. परदेशात आतड्याच्या नसांत बसवायची चिप निघालीय, ती भूक आणि मन ताब्यात घेते. आणि आपल्याकडं हीच चिप कॅमेऱ्याच्या गोळीतून गुपचूप टाकायलेत.

मी लातुरात दवाखान्यांची ईसीजी मशिनं आणि मॉनिटर दुरुस्त करतो. डॉक्टर नाही. मामांनी मात्र सहज विचारलं नव्हतं. त्यांचं हिमोग्लोबिन सारखं उतरतंय, वरून आणि खालून दोन्ही दुर्बिणी झाल्या, काही सापडलं नाही. म्हणून डॉक्टरांनी कॅमेऱ्याची गोळी सांगितलीय, आणि मेसेज आल्यापासून मामा ती तारीख पुढं ढकलायलेत.

दुसऱ्या मेंदूची गोष्ट अर्धी खरी आहे. आतड्याच्या भिंतीत चेतापेशींचं जाळं आहे, दहा कोटींच्या वर पेशींचं. मेंदूत त्या सुमारे 8,600 कोटी. हे जाळं मेंदूला न विचारता आपलं काम करतं. बेलिस आणि स्टार्लिंग यांनी 1899 मध्ये कुत्र्याच्या आतड्याकडं येणाऱ्या बाहेरच्या नसा तोडून पाहिलं, तरी आतडं आतला माल पुढं ढकलतच राहिलं. आपल्याकडं वजडी साफ करताना ज्यानं ताजं आतडं वळवळताना पाहिलंय त्याला हे नवं नाही. पण ढकलणं म्हणजे विचार करणं नव्हे. या जाळ्याची किंमत कळते ती ते नसतं तेव्हा. साधारण पाच हजारांत एक मूल मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात या पेशींशिवाय जन्मतं. हिर्शस्प्रुंग नावाच्या डॉक्टरनं 1886 मध्ये हा आजार मांडला. तेवढा भाग आखडून राहतो, शी पुढं सरकत नाही, पोट फुगतं. ऑपरेशन करून तो भाग काढावा लागतो. त्या बाळाच्या विचारात काही कमी नसतं.

मेसेजमधलं आनंदाचं रसायन म्हणजे सिरोटोनिन. त्याचा आकडा साधारण बरोबर, त्यावरून काढलेला अर्थ साफ चूक. पोटातलं सिरोटोनिन रक्तातून मेंदूत शिरत नाही, मेंदू स्वतःचं वेगळं बनवतो. डॉक्टरांना न विचारता डिप्रेशनच्या गोळ्या एकदम बंद केल्या की चक्कर, झोप उडणं, जीव घाबरा होणं सुरू होऊ शकतं आणि मूळ आजार उलटू शकतो. हा मेसेज बनवणाऱ्याला बाकी सगळं माफ, 'गोळ्या फेका' हे एक वाक्य माफ नाही.

आता चिप. इथं मला जरा जास्त बोलायचंय, कारण हे माझ्या धंद्याजवळचं आहे. केंब्रिज आणि अमेरिकेतल्या डार्टमथ विद्यापीठाच्या संशोधकांनी एक पातळ, लवचिक पट्टी बनवली हे खरं. ती मोठ्या आतड्याच्या भिंतीच्या थरांमध्ये सरकवून तिथल्या नसांचे सिग्नल टिपतात. प्रयोग झाले ते उंदरांवर आणि डुकरांवर. पट्टी फक्त ऐकते. हुकूम देत नाही.

आणि ऐकणंच किती अवघड! छातीवर हृदयाचा सिग्नल साधारण एक मिलिव्होल्ट मिळतो. तरी थंडीत पेशंट कुडकुडला, एखादा चिमटा सैल झाला, अर्थिंग नीट नसलं की कागदावर नुसती कुसळं उमटतात. चेतापेशीचा सिग्नल त्याच्या शंभराव्या हिश्शाच्या आसपास, कधी त्याहून कमी. वर आतडं स्वतः हलतं, श्वासासोबत वर-खाली होतं, शेजारी हृदय ठोके देतंय, आणि स्नायूंच्या लाटा वेगळ्याच: जठरात मिनिटाला तीन, लहान आतड्याच्या सुरुवातीला बारा. जत्रेतल्या लाऊडस्पीकरखाली कुणाची कुजबुज ऐकायची तसं हे काम. त्यातून 'आतड्यानं आत्ता प्रतिसाद दिला' एवढं जरी स्वच्छ कळलं तरी मोठी गोष्ट आहे, कारण जुनाट बद्धकोष्ठात नसांचं नक्की काय बिघडलंय हे आज डॉक्टरांना थेट बघता येत नाही. मन वाचणं फार लांबचं.

भूक ताब्यात घेण्याची भानगड दुसऱ्याच यंत्रांवरून आलेली दिसते. जठर नीट रिकामं होत नाही अशा रुग्णांची मळमळ-उलटी कमी व्हावी म्हणून जठराला विजेचे हलके झटके देणाऱ्या यंत्राला अमेरिकेत 2000 मध्ये मर्यादित परवानगी मिळाली. लठ्ठपणासाठी व्हेगस नस (मेंदू आणि पोट जोडणारी) मधूनमधून अडवणाऱ्या यंत्राला 2015 मध्ये. ती ऑपरेशन करून, माणसाची सही घेऊन बसवतात. मेसेजवाल्यानं ऐकणारं आणि झटके देणारं एकाच पोत्यात भरलं.

राहिली कॅमेऱ्याची गोळी. अमेरिकेत तिला परवानगी मिळाली 2001 मध्ये. सुमारे 26 मिलिमीटर लांब, आत कॅमेरा, दिवे, बॅटरी. ती साधारण आठ तास फोटो काढत खाली सरकते, कमरेच्या रेकॉर्डरवर पाठवते आणि शीवाटे बाहेर पडते. तिला नसेपर्यंत पोचायचं तर आतड्याची भिंत फोडावी लागेल. तिची खरी जोखीम वेगळी आहे: आतडं कुठं अरुंद झालं असेल तर ती अडकू शकते. म्हणून आधीची ऑपरेशनं, पोटातल्या कळा, सगळं डॉक्टरांना सांगायचं, आणि ती बाहेर पडेपर्यंत एमआरआय करायचा नाही.

"मग अडकली तर?" मामांनी विचारलं. मी म्हटलं, "मामा, हाच प्रश्न डॉक्टरांना विचारा. 1998 ला तुमचं अपेंडिक्स काढलंय ते सांगितलंत का?" नव्हतं सांगितलं. सोमवारी फोन करून सांगितलं. गोळी आता गुरुवारी आहे. बुधवारी हलकं खाणं, मग रात्रभर उपाशी. मामींनी उरलेले उंडे शेजारी देऊन टाकले.