दहावा ग्रह आणि पातेरा

पत्रिकेतले नऊ ग्रह शांत केल्याने आटोक्यात येतात, पण जावई नावाचा दहावा ग्रह कशालाच दाद देत नाही, असा जुन्या लोकांचा समज होता. २०२० च्या टाळेबंदीने तो समज पार मोडीत काढला आणि त्या कामी ज्याची आहुती पडली तो ग्रह मी होय.

जनता कर्फ्यूच्या आदल्या दिवशी, २१ मार्चला, आम्ही कुंभार्ली घाट उतरून गुहागर तालुक्यातल्या माझ्या सासुरवाडीला पोहोचलो. पाडव्याचे श्रीखंड खावे, चार दिवस पडवीतल्या झोपाळ्यावर लोळावे आणि पुण्याला परतावे, एवढाच बेत होता. २५ तारखेला श्रीखंड मिळाले, पण आदल्या रात्री आठ वाजता देशभर २१ दिवसांची टाळेबंदी जाहीर झाल्यामुळे परतण्याचा प्रश्न आपोआप निकालात निघाला होता. त्यातच गावच्या आशाताई, म्हणजे आरोग्याचे काम पाहणाऱ्या आशा सेविका, येऊन, बेड्याच्या, म्हणजे आवाराच्या फाटकाच्या, आत पाऊलही न टाकता, पुण्याहून आलेल्यांनी १४ दिवस आवाराबाहेर पडायचे नाही असे बजावून गेल्या. ही बातमी गावभर व्हायला वेळ लागला नाही आणि दुसऱ्याच दिवसापासून वाडीतला गडी कामावर यायचा बंद झाला.

अण्णा, म्हणजे माझे सासरे, न्यायाला पक्के. गडी जावयामुळे गेला, तेव्हा गड्याचे काम जावयाकडे, हा त्यांचा सरळ हिशेब. तोंडाने मात्र "जावईबापू, बसून बसून कंटाळला असाल," एवढेच म्हणून त्यांनी खराटा माझ्या हाती दिला.

चैत्रात कोकणातले आवार ज्याने झाडलेले नाही, त्याला पातेरा म्हणजे काय ते कळायचे नाही. आंबा, फणस आणि काजू या तिन्ही झाडांनी आपसांत पाळ्या लावून घेतल्यासारखी पाने गळत असतात, आणि आपण विहिरीपर्यंत झाडत जाऊन मागे वळून पाहावे, तर सुरुवातीची जागा पुन्हा पिवळी झालेली असते. बरे, हा कचरा फेकून द्यायचीही सोय नाही. भाताच्या रोपांसाठी जमीन भाजायला तो लागतो, म्हणून घमेल्याघमेल्याने वाहून नेऊन कोपऱ्यात त्याचा ढीग रचावा लागतो, आणि संध्याकाळचा वारा त्या ढिगाची नीट वाटणी करून तो पुन्हा अंगणभर पोहोचवतो. झाडता झाडता खराटा झिजला, तेव्हा अण्णांनी माडाच्या पडलेल्या झावळ्या आणि कोयती माझ्यापुढे ठेवून हीर कसे काढायचे ते शिकवले. पातीचे एकेक पान धरून दोन्ही कडा तासायच्या, मधला हीर निराळा करायचा आणि असे शेकड्यांनी जमले की मूठ बांधायची. कैद्याकडूनच बेड्या घडवून घ्याव्यात, तसा तो प्रकार होता.

याच काळात मी कागदोपत्री 'घरून काम' करत होतो. मोबाइलला रेंज फक्त गोठ्यामागे मिळत असल्याने कचेरीच्या सगळ्या बैठका मला शेणाच्या उकिरड्याशेजारी उभे राहून कराव्या लागत. तिमाहीच्या आकड्यांवर मी गंभीरपणे बोलत असताना गाय हंबरली, ते साहेबांनी मोठ्या मनाने ऐकून न ऐकल्यासारखे केले. मात्र पाठोपाठ अण्णांचा खणखणीत आवाज आला, "अहो, माडांच्या आळ्यांत शेण घातलंत का?" आणि पलीकडे पंधरा माणसांची बैठक स्तब्ध झाली. साहेबांनी त्या प्रश्नाचीही नोंद घेतली असावी. कारण पुढच्या बैठकीत त्यांनी आधी माडांची चौकशी केली.

बायकोकडून मदतीची अपेक्षा करणे व्यर्थ होते. जावयाचा मान आठवडाभरात उतरणीला लागतो, पण माहेरवाशिणीचा मान टाळेबंदी कितीही वाढली तरी तसूभरही कमी होत नाही. ती झोपाळ्यावर बसून ओले काजू खात खात "तिकडे राहिलं हो, फणसाखाली," असे मार्गदर्शन करी. मुलांना तर शाळा बुडाल्याच्या आनंदापुढे बाप दिसतच नव्हता. २८ मार्चपासून दूरदर्शनवर रामायण पुन्हा सुरू झाले आणि सकाळी नऊच्या आत शिंपण उरकलेच पाहिजे, हा नवा दंडक आला. सेतुबंधनाच्या भागानंतर अण्णांनी माझ्याकडे पाहून खारीच्या वाट्याचे महत्त्व सांगितले. मी वाहिलेली घमेली पाहता निदान एखाद्या वानराचा तरी दर्जा मला मिळायला हरकत नव्हती.

चौदा दिवस निर्वेध पार पडले आणि गडी परत आला. त्याने मी केलेली आळी एकेक करून पाहिली, एका शब्दाने काही न बोलता कुदळ उचलली आणि सगळी पुन्हा खणली. माझ्या बाजूने जमेची गोष्ट एवढीच, की त्यामुळे माझी आता सुटका होणार असे मला वाटले. मे महिन्यात जिल्ह्याबाहेर जायला ई-पास मिळू लागल्याचे कळताच मी गोठ्यामागे धाव घेऊन अर्ज भरायला बसलो. प्रवासाच्या कारणापाशी काय लिहावे याचा विचार करत होतो, तोच आवाराचा दगडी गडगा, म्हणजे कुंपणाची भिंत, ढासळला होता तिकडून अण्णा आणि गड्याचे बोलणे कानावर आले.

"चिरे वाहायला आणखी एक माणूस लागंल, अण्णानू," गडी म्हणत होता, "पावन्यांना पाऊस पडंपर्यंत ठेवून घ्या की."