बॅग लटकते का, ते आधी बघा

प्रवासात ब्रश-साबण ठेवायची बॅग घेताना लोक रंग बघतात, कप्पे मोजतात, 'वॉटरप्रूफ' लिहिलंय का ते वाचतात. मी फक्त ती लटकते का ते बघते.

आपण मुक्काम करतो कुठे? वणीच्या गडावर भक्तनिवासात, पंढरपूरला धर्मशाळेत, कोकणात कुणाच्या तरी घरगुती लॉजवर, नाहीतर लग्नाच्या कार्यालयात. तिथल्या न्हाणीत बादली, मग आणि दाराला एक खिळा. फळी नसते, असलीच तर तिच्यावर आधीच्या माणसाच्या साबणाचा चिखल. 'व्हॅनिटी' म्हणून खपणारी ती बसकी, चौकोनी बॅग तिथे ठेवणार कुठे? ओल्या फरशीवर? रेल्वेच्या बाथरूममध्ये तर विचारूच नका. त्यामुळे उघडल्यावर उभी खाली सुटणारी, वर धातूचा फिरता हूक असलेली बॅग घ्या. हूक खिळ्यावरही बसावा आणि टॉवेलच्या दांडीवरही. प्लास्टिकचा हूक नको, भरलेल्या बॅगेच्या वजनाने तो वाकतो.

वॉटरप्रूफचं कौतुक मला कळत नाही. बाहेरून पाणी येतंय कुठे? ओलं आपणच आत कोंबतो. ओला ब्रश, ओली घासणी, डबीत पाणी सोडलेला साबण. सगळीकडून बंद कापडात ते वाळत नाही आणि दोन दिवसांत बॅगेला कुबट वास येतो. म्हणून एक तरी कप्पा जाळीचा हवा. ब्रशला घट्ट टोपणही घालू नका, दातांचे डॉक्टर तेच सांगतात.

बाटल्यांचं म्हणाल तर शाम्पूची पुडी झिंदाबाद. वापरली की ओझं संपलं. खोबरेल मात्र बारीक तोंडाच्या बाटलीत भरू नका. ते साधारण 24 अंशांखाली गोठतं, आणि आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटे काय थंडी असते ते निफाडवाल्यांना विचारा. बाटली उलटी धरून हापटत बसावं लागतं. रुंद तोंडाची छोटी डबी असली की बोटाने निघतं.

परदेशी जाणाऱ्यांसाठी थोडं वेगळं. केबिन बॅगेत द्रव पदार्थ 100 मिलीपेक्षा मोठ्या बाटलीत चालत नाही, हा नियम 2006 पासून बहुतेक देशांत आहे. अलीकडे काही विमानतळांनी तो सैल केलाय, पण परतीच्या विमानतळावर कुठला नियम असेल ते आपल्या हातात नसतं. आणि बघतात ते बाटलीवर छापलेलं माप. 150 मिलीची ट्यूब अर्धी रिकामी असली तरी काढून घेतात. शिवाय वर गेल्यावर केबिनमधला दाब जमिनीपेक्षा कमी असतो. बाटलीतली हवा फुगते आणि शाम्पू टोपणातून बाहेर येतो. बाटली दाबून हवा काढा आणि मगच टोपण लावा.

मोठी बॅग घेऊच नका. जागा दिसली की घरातली माणसं त्यात बाम, कंगवा, सुईदोरा, चार्जर, काहीही भरतात. आमच्याकडे एकदा लिंबाचं लोणचं निघालं होतं.

दुकानात घेताना बॅगेत पाण्याची भरलेली बाटली ठेवून ती हुकाला टांगून बघा. दुकानदार तोंड वाकडं करेल, करू दे. नाशिकला मेन रोड किंवा शालिमारकडे जाळीचा कप्पा आणि धातूचा हूक दोन्ही असलेली बॅग कुणी बघितली असेल तर दुकान सांगा. सासूबाईंना एक घ्यायची आहे.