सहा ओळींत साके? नाही जमणार

हॉटेल मॅनेजमेंट केलेल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर ‘दोन मिनिटांत साके शिका’ असा एक मजकूर फिरतोय. त्यात सहा ओळी आहेत. साके म्हणजे तांदळाची व्होडका. चांगली साके थंड द्यावी, हलकी साके गरम. बाटलीवरचा टक्का जितका कमी तितकी साके भारी. वरून अल्कोहोल घातलेलं असेल तर ती भेसळ. जुनी बाटली म्हणजे खजिना. साके फक्त सुशीबरोबर जाते. आणि शेवटी: ‘सर्व्हिससाठी एवढं पुरे.’

मी रेस्टॉरंटच्या स्टाफला बार आणि सर्व्हिस शिकवतो. नवी मुलं हा मजकूर पाठ करून येतात आणि टेबलावर तसंच्या तसं सांगतात. आपल्याकडे साकेची बाटली आयात शुल्क आणि राज्याचा कर लागून चांगलीच महाग पडते. एवढे पैसे मोजणाऱ्या पाहुण्याला चुकीची माहिती मिळू नये, म्हणून एकेक ओळ तपासून बघू.

‘तांदळाची व्होडका’ ही पहिली ओळ सगळ्यात जास्त नुकसान करते. साके आंबवून होते, ती भट्टीवर गाळत नाहीत. जपानची गाळलेली दारू वेगळी, तिचं नाव शोचू. साकेत तांदूळ, पाणी, यीस्ट आणि कोजी लागते. कोजी म्हणजे वाफवलेल्या तांदळावर वाढवलेली एक बुरशी. उबदार, दमट खोलीत भात पसरून त्यावर तिचे बीजाणू भुरभुरतात, मग साधारण दोन दिवस तो हाताने मोकळा करत, उलटापालटा करत राहतात. दाणे पांढरे, कोरडे होतात आणि त्यांना भाजलेल्या चेस्टनटसारखा वास येतो. ही बुरशी तांदळातल्या स्टार्चची साखर करते आणि यीस्ट त्या साखरेचं अल्कोहोल. बिअरमध्ये साखर आधी तयार होते, यीस्ट नंतर पडतं. साकेत मात्र दोन्ही कामं एकाच टाकीत, एकाच वेळी चालतात. म्हणून न गाळताही अल्कोहोल 18 ते 20 टक्क्यांपर्यंत चढतं. बहुतेक साके पुढे पाणी घालून 15-16 टक्क्यांवर आणतात. कोजी वापरून साके करण्याच्या या पारंपरिक कौशल्याला डिसेंबर 2024 मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत जागा मिळाली.

व्होडका समजल्यामुळे काही ठिकाणी साके 30 मिलीच्या शॉट ग्लासात ओततात आणि पाहुणा ती एका घोटात संपवतो. चव घ्यायला वेळच मिळत नाही. दुसऱ्या टोकाला, ‘वाइनसारखीच आहे, काही होत नाही’ म्हणत लोक सुरई मागून सुरई मागवतात. हिशोब सोपा आहे. 180 मिलीच्या एका तोक्कुरीत, म्हणजे निमुळत्या मानेच्या त्या सुरईत, साधारण व्हिस्कीच्या एका लार्ज पेगाइतकं अल्कोहोल असतं. वेटरला हे माहीत हवं, कारण तिसरी सुरई मागवणाऱ्याला पाणी आधी पुढे करायचं असतं.

दुसरी ओळ तापमानाची. ती आली कुठून ते समजतं. अनेक वर्षं जपानबाहेरच्या स्वस्त रेस्टॉरंटांत साधी साके वाफाळेपर्यंत तापवून देत, म्हणजे तिच्यातले दोष जाणवू नयेत. पुढे 1980 च्या दशकात गिंजो, म्हणजे जास्त घासलेल्या तांदळाच्या सुगंधी साकेची लाट आली आणि ती थंड पिण्याची पद्धत पडली. त्यातून ‘थंड म्हणजे उंची, गरम म्हणजे हलकी’ हे समीकरण पक्कं झालं. प्रत्यक्षात जपानमध्ये साकेच्या तापमानाला पायरीपायरीने नावं आहेत. 5 अंशाला युकीबिए, 10 ला हानाबिए, 40 च्या आसपास नुरुकान, 45 ला जोकान, 50 ला आत्सुकान. हलक्या मालासाठी कोणी एवढी नावं ठेवत नाही.

प्रश्न बाटलीत काय आहे हा असतो. गिंजोचा सफरचंद-केळ्यासारखा सुगंध उडून जाणारा असतो, जास्त तापवलं की गेला. म्हणून गिंजो 10 अंशांच्या आसपास शोभते. पण किमोतो किंवा यामाहाई या जुन्या पद्धतींनी केलेल्या साकेत लॅक्टिक आम्ल भरपूर असतं, आणि ते 45 अंशांना गोलाई घेतं. तीच साके फ्रिजमधून काढून दिली तर नुसती आंबट आणि बंद वाटते. ट्रेनिंगमध्ये मी एकच जुनमाई, म्हणजे वरून अल्कोहोल न घातलेली साके, तीन कपांत देतो: एक थंड, एक खोलीच्या तापमानाला, एक गरम पाण्यात तोक्कुरी ठेवून तापवलेली. कपांवर काही लिहिलेलं नसतं. या तीन वेगळ्या साके आहेत, असं मुलं छातीठोकपणे सांगतात. गरम करताना थर्मामीटर मात्र लागतोच. मायक्रोवेव्हमध्ये वरचा थर उकळतो आणि तळ कोमट राहतो.

आता टक्का. लेबलवरचा आकडा तांदूळ घासल्यावर किती उरला ते सांगतो. घरच्या पांढऱ्या तांदळाचा साधारण 90 टक्के भाग उरलेला असतो. साकेच्या प्रकारांपैकी होन्जोझोला 70 टक्के किंवा त्याहून कमी लागतो, गिंजोला 60, दाइगिंजोला 50. दाण्याच्या बाहेरच्या थरांत प्रथिनं आणि स्निग्धांश जास्त असतात. ते काढले की साके नितळ आणि सुगंधी होते. तांदूळ निम्म्यावर आणायला गिरणी दोन दिवसांच्या आसपास चालते, कारण घाई केली तर दाणा तापून तडकतो. शिवाय निम्मा तांदूळ भुसा होऊन जातो. किंमत त्यामुळे वाढते.

पण आकडा पद्धत सांगतो, दर्जा नाही. प्रथिनांबरोबर चवीचा भरीवपणाही जातो, आणि काही जणांना नेमका तोच हवा असतो. जुनमाईसाठी पूर्वी 70 टक्क्यांची अट होती. 2004 मध्ये ती काढून टाकली, आणि आज 80-90 टक्के दाणा राखून केलेल्या उत्तम जुनमाई मिळतात. मटणाच्या जेवणाबरोबर 23 टक्क्यांची दाइगिंजो सुचवणाऱ्या वेटरने पाहुण्याचे पैसे वाया घालवले, असं मी स्पष्ट म्हणेन. तिथे कमी घासलेली, कोमट जुनमाई कितीतरी जास्त उभी राहते.

‘अल्कोहोल घातलं म्हणजे भेसळ’ या आरोपामागे खरा इतिहास आहे. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या तांदूळटंचाईत अल्कोहोल, साखर आणि आम्ल घालून साकेचं प्रमाण तिप्पट करत. लोकांचं तोंड कडू झालं ते त्यामुळे. 2006 च्या कायदाबदलानंतर तसलं मिश्रण साके म्हणून विकता येत नाही. होन्जोझो, गिंजो आणि दाइगिंजोत मात्र आजही थोडं अल्कोहोल घालता येतं, तांदळाच्या वजनाच्या 10 टक्क्यांपर्यंतच. आंबलेलं मिश्रण दाबून चोथा वेगळा करतात, त्याच्या जरा आधी ते घालतात. सुगंधी द्रव्यं पाण्यापेक्षा अल्कोहोलमध्ये चांगली विरघळतात, त्यामुळे वास चोथ्यात न अडकता साकेत उतरतो. जपानच्या राष्ट्रीय नव-साके स्पर्धेत, जी 1911 पासून चालू आहे, अशा अल्कोहोल घातलेल्या दाइगिंजोंनी कित्येक वर्षं सुवर्णपदकं घेतली आहेत. वरून काहीच न घातलेली जुनमाई आवडणं ही पसंती झाली. तिच्यासाठी दुसरीला भेसळ म्हणायचं कारण नाही.

जुन्या बाटलीबद्दल थोडक्यात: बहुतेक साके बाजारात आल्यापासून वर्षभरात प्यायची असते. लेबलवर बाटलीबंद केल्याची तारीख असेल, तर ती वाचा. कोशू नावाची मुद्दाम मुरवलेली साके हा अपवाद. नामा, म्हणजे पाश्चराइज न केलेली साके, कायम फ्रिजमध्येच हवी. मुंबईच्या उकाड्यात, बारच्या दिव्याखाली महिनोन्‌महिने मिरवायला ठेवलेली बाटली पाहुण्याला देऊ नये. उन्हाने आणि उष्णतेने तिचा रंग पिवळसर होतो, वास बिघडतो.

राहिली सुशी. साके सुशीबरोबर उत्तम जाते, याचं एक कारण पाण्यात आहे. लोखंड साकेचा रंग आणि वास दोन्ही बिघडवतं, म्हणून साकेवाले कमी लोहाचं पाणी शोधतात. जपानमध्ये साकेसाठी प्रसिद्ध असलेल्या नादा भागातल्या निशिनोमियाचं मियामिझु पाणी 1840 मध्ये सापडलं आणि त्याच गुणासाठी नावाजलं. इकडे 2009 मध्ये मर्सियन या जपानी वाइन कंपनीच्या संशोधकांनी दाखवलं, की वाइनमधल्या लोहामुळे समुद्री खाण्याबरोबर तोंडात मासळीचा उग्र वास उरतो. साकेत तो त्रास फारसा होत नाही.

पण हा गुण सुशीपुरता का ठेवायचा? इझाकायात, म्हणजे जपानी खाण्यापिण्याच्या अड्ड्यात, लोक साकेबरोबर वाळवलेले मासे, ओदेन हा रस्सेदार पदार्थ, कोळशावर भाजलेली कोंबडी खातात. सुके बोंबील आणि सुका जवळा खाऊन वाढलेल्या माणसाला ही जोडी समजवावी लागत नाही. माझ्या अनुभवात तळलेली सुरमई आणि कोमट जुनमाई छान जमतात. मुरलेलं चीज आणि मशरूमही. तिखटजाळ रश्श्यापुढे मात्र नाजूक दाइगिंजो टिकत नाही, तिथे मी ती सुचवत नाही.

आणि ‘एवढं पुरे’? वाइन आणि दारूचं शिक्षण देणाऱ्या डब्ल्यूएसईटी या ब्रिटिश संस्थेचे साकेचे स्वतंत्र अभ्यासक्रम आहेत, जपानच्या साके सर्व्हिस इन्स्टिट्यूटची किकिझाके-शी ही साके-तज्ज्ञाची पात्रता आहे. फी जड वाटत असेल तर चार जणांनी मिळून एक जुनमाई आणि एक गिंजो घ्यावी, दोन्ही थंड आणि गरम चाखाव्यात, आणि काय जाणवलं ते वहीत लिहावं. उद्या पाहुण्याने ‘गरम घेऊ की थंड?’ याचं उत्तर तुमच्याकडेच मागितलं, तर ते त्या वहीत सापडेल.