‘डुकरं द्या, खून माफ’ असं तिथे नाही

‘पापुआ न्यू गिनीत माणूस मारा, चार डुकरं द्या आणि मोकळे व्हा. तिथल्या टोळ्यांना जिवाची किंमतच नाही.’ हा मजकूर सगळीकडे फिरतोय. वाचून वाईट वाटलं, कारण त्यात अर्धवट माहितीवर एका अख्ख्या समाजाला रानटी ठरवलंय.

आधी ‘किंमती’चं बघू. तिथल्या टोक पिसिन भाषेत खुनानंतरच्या सुरुवातीच्या देण्याला ‘बेल कोल’ म्हणतात, म्हणजे पोट थंड करणं. सूडाची आग पोटातच असते, हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. मेलेल्याच्या माणसांनी हत्यार खाली ठेवून बोलायला बसावं, एवढ्यासाठी ते देणं असतं. खरी भरपाई पुढे, बोलण्यांवर बोलणी झाल्यावर.

‘खुनी सुटतो’ हे तर साफ चूक. भरपाई देण्याच्या दिवशी मैदानात खुंट्यांना ओळीनं डुकरं बांधलेली असतात, बांबूवर नोटा लावलेल्या असतात. यातलं प्रत्येक डुक्कर कुणाच्या तरी घरून आलेलं असतं: चुलत्याच्या, मेहुण्याच्या. ते देणं पुढे फेडावं लागतं. म्हणूनच तापट पोराला आवरायला घरचेच पुढे होतात. शिवाय ज्या कुळाच्या भांडणातून लढाई पेटली, त्याला मदतीला आलेल्या कुळांच्या मृतांचीही भरपाई द्यावी लागते.

आणि देशाचा कायदा? 1991 च्या कायद्यानुसार कोर्ट शिक्षेच्या जोडीला भरपाईचा हुकूम देऊ शकतं. शिक्षेऐवजी नव्हे.

एक गोष्ट मात्र मी मान्य करते. रताळी पिकवून ती डुकरं वाढवतात बायका, आणि मैदानात भाषणं करतात पुरुष. 1996 मध्ये मिंज भागात भरपाईत पैसे आणि डुकरांबरोबर एक तरुणीच मागितली गेली. मानवी हक्क संघटनेनं कोर्ट गाठलं आणि 1997 मध्ये राष्ट्रीय न्यायालयानं ती मागणी घटनाविरोधी ठरवली. टीका करायची तर इथे करा, मीही तुमच्याबरोबर आहे.

आणि त्या मजकुरासोबत फिरणारे एंगा प्रांतातल्या लढाईचे फोटो? फेब्रुवारी 2024 मध्ये वापेनामांडा भागात चाळीसहून जास्त माणसं मारली गेली, हे खरं आहे. पण ती भरपाईच्या प्रथेनं मारली नाहीत. तिथे आता धनुष्यबाणांच्या जागी रायफली आल्यात. एकाच सकाळी इतकी प्रेतं पडली, तर तेवढ्यांची भरपाई द्यायला डुकरं आणायची कुठून?