नागमोडी पळा म्हणे!

आमच्या नागपुरातल्या सायकलवाल्यांच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतोय: शिडाच्या छोट्या बोटीमागे समुद्री चाचे लागले तर नागमोडी पळा, पाण्याचा फवारा मारा, दिवे विझवा, बंदूक रोखा, मिरचीपूड उधळा. समुद्र शेकडो किलोमीटर लांब, म्हणून सगळ्यांनी अंगठे दिले. मी अंबाझरी तलावात शीड धरायला शिकलो, मला राहवेना.

नागमोडीचा सल्ला मालवाहू जहाजांचा आहे. अवाढव्य जहाज वेगात वळलं की बाजूला उठणाऱ्या लाटांत चाच्यांची होडी हेलकावते, शिडी लावता येत नाही. आपली दहा-बारा मीटरची बोट चालते पाच-सहा नॉटने (ताशी दहाएक किलोमीटर), त्यांची स्किफ, म्हणजे छोटी मोटरबोट, वीस-पंचवीसने. लाट उठवणार कशाने? उलट वळताना शीड फडफडतं आणि वेग मरतो. अंबाझरीत माझी बोट दर वळणाला उभीच राहायची, काठावरची पोरं हसायची. फवाराही उंच कठड्यावरून खाली मारायचा असतो. आपला डेक पाण्यापासून जेमतेम मीटरभर. चाचा सरळ पाय टाकून आत येतो.

दिवे विझवण्यात थोडं तथ्य आहे, पण रात्रीपुरतं, आणि तेव्हाही अंधारात एखादं जहाज अंगावर येऊ शकतं. दिवसा हवा स्वच्छ असेल तर १५ मीटरची डोलकाठी दहा-अकरा सागरी मैलांवरून क्षितिजावर दिसू लागते.

बंदुकीचा सल्ला तर जिवावरचा. समोर एके-४७ आणि रॉकेट लाँचर असतात. फेब्रुवारी २०११ मध्ये मुंबईहून ओमानकडे निघालेली ‘क्वेस्ट’ ही शिडाची बोट पळवली गेली. अमेरिकी युद्धनौका मागावर असतानाही बोटीवरचे चौघे मारले गेले. चाच्यांना हवी असते खंडणी. २००९ मध्ये सेशेल्सजवळ ‘लिन रायव्हल’ या शिडाच्या बोटीवरून पळवलेलं ब्रिटिश दाम्पत्य ३८८ दिवसांनी का होईना, जिवंत परतलं.

अनुभवी खलाशी सुटका निघण्याआधीच शोधत. २०११ मध्ये कित्येकांनी बोटी मालदीवला मालवाहू जहाजावर चढवून तुर्कस्तानला पाठवल्या, काहींनी आफ्रिकेला वळसा घातला. सोमालिया आणि येमेनमधल्या एडनच्या आखातातून जाणारे जथ्याने जात आणि दुबईतल्या ब्रिटिश नौदल केंद्राला आधी कळवत. फॉरवर्डमध्ये यातलं काहीच नाही.

मिरचीपुडीवर मात्र चर्चा रंगली आहे. भिवापुरीच घ्या, असं एका भाऊंनी लिहिलंय. घ्या बाप्पा, फक्त वारा कुठून येतोय ते पाहून उधळा.