शॉवरचा पडदा फेकू नका, आधी नीट वाळवा

पावसाळा लागला की सोसायटीच्या आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर शॉवरच्या पडद्याबद्दलचा एक इशारा फिरायला लागतो. शब्द थोडेफार बदलतात, मुद्दे तेच. प्लास्टिकचा पडदा 108 विषारी रसायनं हवेत सोडतो. त्यावरचा गुलाबी थर ही जीवघेणी बुरशी असते आणि ती धुऊन जात नाही, म्हणून दर तीन महिन्यांनी पडदा फेका. तोवर व्हिनेगर, ब्लीच आणि खाण्याचा सोडा एकत्र करून फवारा. पडदा अंगाला चिकटत असेल तर जाड, चुंबकवाला घ्या. आणि शेवटी, काचेचं पार्टिशन हाच खरा उपाय.

लोक हे काळजीपोटीच पुढे पाठवतात. पण यातला एक सल्ला धोकादायक आहे, बाकीचे अर्धवट आहेत, आणि पडदा टिकतो तो ज्या एका सवयीमुळे, तिचा यात उल्लेखच नाही. म्हणून एकेक मुद्दा घेते. क्रम मात्र माझा, कारण सगळ्यात आधी थांबवायला हवा तो फवारा.

"व्हिनेगर, ब्लीच आणि सोडा एकत्र करा"

कृपया करू नका. ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. त्यात आम्ल पडलं की क्लोरीन वायू सुटतो, आणि व्हिनेगर आम्लच आहे. कमोड धुण्याच्या बहुतेक लिक्विडमध्ये हायड्रोक्लोरिक आम्ल असतं, त्यामुळे ब्लीच मारलेल्या पडद्याशेजारी त्याच वेळी कमोड घासायला घेतला तरी हाच प्रकार होतो. आपली बाथरूम पाच बाय सातची, खिडकी म्हणजे वरची एक झडप, आणि साफ करताना दार लोटलेलं. डोळे चुरचुरणं, घसा आवळणं, खोकल्याची उबळ ही लक्षणं दिसली की पाणी ओतत तिथेच उभं राहायचं नाही. दार उघडं टाकून मोकळ्या हवेत यायचं. दमा असलेल्यांनी आणि त्रास न थांबणाऱ्यांनी लगेच डॉक्टर गाठायचे.

त्या मिश्रणातला सोडा तर वायाच जातो. सोडा आणि व्हिनेगर एकमेकांना मारतात. फेस छान येतो, उरतं ते किंचित खारट पाणी.

प्रत्येकाचं काम वेगळं आहे. बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग आम्लाने जातात: व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं, किंवा लिटरभर पाण्यात दोन चमचे सायट्रिक आम्ल. पडदा त्यात अर्धा तास बुडवा, मग खळखळून धुवा. खाली कोटा किंवा संगमरवर असेल तर हे टबात करा, कारण दोन्ही दगड आम्लाने खरवडल्यासारखे होतात. बुरशीचे काळे ठिपके साबणाने गेले नाहीत तरच ब्लीच, तेही पांढऱ्या प्लास्टिकवर, लिटरला दोन मोठे चमचे, हातमोजे घालून, खिडकी उघडी ठेवून. आणि व्हिनेगर वापरलं त्या दिवशी ब्लीचची बाटली उघडायचीच नाही.

"108 विषारी रसायनं"

हा आकडा खोटा नाही, पण त्याची पुढची गोष्ट कापलेली आहे. 2008 मध्ये अमेरिकेतल्या 'सेंटर फॉर हेल्थ, एन्व्हायर्नमेंट अँड जस्टिस' या संस्थेने दुकानांतून पाच पीव्हीसी पडदे घेऊन तपासले. हवेत काय मिसळतं याची सविस्तर चाचणी झाली ती त्यातल्या एकावर. 28 दिवसांत एकूण 108 बाष्पनशील, म्हणजे हवेत सहज उडून जाणारी, संयुगं आढळली. त्याच अहवालानुसार सात दिवसांनंतर 40 उरली, चौदा दिवसांनंतर 16 आणि अठ्ठावीस दिवसांनंतर 4. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने या चाचणीच्या पद्धतीवर आक्षेपही घेतला होता.

म्हणून काळजी सोडून द्या असं मी म्हणत नाही. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात थॅलेट मिसळतात, आणि नव्या पडद्याचा तो उग्र वास बंद बाथरूममध्ये डोकं दुखवतो. घरात तान्हं मूल किंवा दम्याचा माणूस असेल तर पीव्हीसी टाळा. पण 'प्लास्टिकचा पडदा' म्हणजे एकच वस्तू नव्हे. पीईव्हीए नावाचा पडदा असतो, त्यात क्लोरीन नसतो, वासही बराच कमी. पॉलिएस्टरचा कापडी पडदा असतो, त्यावर पाणी न शोषणारा थर असतो. पाकिटावर व्हिनाइल किंवा पीव्हीसी लिहिलेलं असेल, किंवा त्रिकोणात 3 हा आकडा असेल, तर ते पीव्हीसी. काहीच लिहिलं नसेल तर घडी उलगडून वास घ्या. घरी आणल्यावर कोणताही पडदा बाथरूममध्ये लावण्याआधी चार-पाच दिवस गॅलरीत सावलीला टांगा. त्या आकडेवारीचा घरगुती उपयोग एवढाच, आणि तो खरंच उपयोगी आहे.

"गुलाबी थर म्हणजे जीवघेणी बुरशी, तीन महिन्यांनी फेका"

गुलाबी थर बहुतेक वेळा बुरशी नसतोच, जीवाणू असतात. 2004 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी व्हिनाइलच्या पडद्यांवरचा बुळबुळीत थर तपासला. त्यात स्फिंगोमोनास आणि मिथायलोबॅक्टेरियम हे गट सर्वाधिक सापडले, आणि मिथायलोबॅक्टेरियमचा रंग गुलाबीच असतो. पाण्यात, मातीत, झाडांच्या पानांवर हे राहतात. निरोगी माणसाला सहसा त्रास देत नाहीत. किमोथेरपी चालू असलेल्या किंवा अवयव बदललेल्या माणसाच्या घरी मात्र हा थर साठू देऊ नये, हे संशोधकांचंही म्हणणं होतं आणि ते मनावर घ्यावं.

पण नवा पडदा लावून हे सुटत नाही, कारण जीवाणू पाण्यातून आणि हवेतून येतात. त्यांना लागतो ओलावा आणि खाणं. खाणं आपणच पुरवतो: साबणाचा राप आणि अंगाचं तेल. जड पाण्यात वडीचा साबण कॅल्शियमशी मिळून चिकट साय धरतो, आणि ती पडद्याच्या खालच्या वीतभर भागात जमते. तुमच्याकडे बोअरचं पाणी असेल आणि पडदा फार लवकर बुळबुळीत होत असेल, तर बॉडीवॉशवर जाऊन पाहा. फरक पडतो.

आणि आता ती सवय. अंघोळ झाली की पडदा एकदा झटका आणि पूर्ण पसरून ठेवा. आपण काय करतो? बाथरूम मोठी दिसावी म्हणून तो एका कोपऱ्यात चुण्या करून लोटतो. त्या चुण्यांच्या आत पाणी दिवसभर वाळत नाही. मुंबईत, कोकणात, गोव्यात जुलैमध्ये हवाच इतकी दमट असते की पसरलेला पडदाही हळूहळू वाळतो. तिथे एक्झॉस्ट पंखा पंधरा-वीस मिनिटं चालू ठेवा आणि खालची कड जुन्या पंचाने पुसा. प्लास्टिकचा पडदा फरशीवर लोळत असेल तर सरळ कात्रीने इंच-दोन इंच कापा, त्याचे धागे निघत नाहीत.

महिन्यातून एकदा, पावसाळ्यात पंधरा दिवसांनी, धुवा. कापडी पडदा मशीनमध्ये, कोमट पाण्यात, रिंगा काढून. प्लास्टिकचा मात्र हाताने, बाथरूमच्या फरशीवर पसरून, भांड्यांच्या लिक्विडने आणि मऊ ब्रशने. तो वरून उघडणाऱ्या मशीनच्या स्पिनमध्ये घालू नका. पाणी आरपार न जाणाऱ्या प्लास्टिकमध्ये ते अडकून राहतं आणि जोरात फिरताना मशीनचा तोल जातो. सेमी-ऑटोमॅटिकच्या ड्रायरलाही हेच लागू. गीझरचं कढत पाणी आणि इस्त्री प्लास्टिकला नकोच. वाळवायचा तो सावलीत, कारण कडक उन्हाने पीव्हीसी कडक होऊन तडकतं.

फेकायचा केव्हा, तर प्लास्टिक ताठर झालं, भोकं फाटली, थर सोलायला लागला किंवा धुऊनही वास गेला नाही तेव्हा. कॅलेंडर बघून नव्हे. तीन महिन्यांनी फेकलेलं पीव्हीसी जातं ते कचरा डेपोवरच.

"अंगाला चिकटतो, जाड आणि चुंबकवाला घ्या"

पडदा आत ओढला जातो तो फक्त हलका असल्यामुळे नाही. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाचे डेव्हिड श्मिट यांनी संगणकावर शॉवरच्या धारांचं अनुकरण केलं, तेव्हा धारेमुळे आत हवेचा आडवा भोवरा तयार होतो आणि त्याच्या मधोमध दाब कमी असतो, असं दिसलं. 2001 चं भौतिकशास्त्राचं इग नोबेल, म्हणजे गमतीशीर वाटणाऱ्या पण खऱ्या संशोधनाला दिला जाणारा पुरस्कार, त्यांना याच कामासाठी मिळालं. गार पाण्यानेही पडदा आत का येतो, ते यावरून कळतं. खालच्या कडेला वजनाची पट्टी असेल तर बरं पडतं, पण चुंबक आपल्याकडे निकामी: तो लोखंडी बाथटबला चिकटण्यासाठी असतो, टाइल्सना नाही.

मापाचंही तसंच. सहा बाय सहा फुटांचा 'स्टँडर्ड' पडदा टबाच्या आत सोडण्यासाठी बेतलेला आहे. आपल्याकडे टब नसतो, दांडी सात फुटांवर लावली की खाली फूटभर फट राहते आणि पाणी कमोडपर्यंत जातं. सात फुटी पडदा घ्या, किंवा दांडी खाली घ्या. कड फरशीच्या इंच-दोन इंच वर हवी. रुंदी मोकळ्या जागेच्या दीडपट. आणि फरशीचा उतारच दाराकडे असेल तर कुठलाही पडदा पाणी अडवणार नाही, तिथे ग्रॅनाइटचा छोटा उंबरा बसवून घ्या.

"काचेचं पार्टिशनच खरं"

ज्यांना परवडतं, ज्यांचं घर स्वतःचं आहे, त्यांनी खुशाल लावावं. पण काचेला देखभाल लागत नाही हे चूक. जड पाण्याचे डाग तिच्यावर जास्त उठून दिसतात, रोज वायपर मारावा लागतो, आणि सिलिकॉनच्या सांध्यात तीच काळी बुरशी धरते. भाड्याच्या घरात टाइलला भोकं पाडू देत नाहीत.

मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते म्हाताऱ्या माणसांबद्दल. आजोबांना खुर्चीवर बसवून अंघोळ घालायची असेल तर बाजूला उभं राहायला जागा लागते. पडदा एका हाताने सारता येतो, पक्की काच सरकत नाही. मात्र पडद्याची स्प्रिंगवाली दांडी ही नुसत्या दाबावर उभी असते. तोल गेलेला माणूस तिलाच धरतो आणि तिच्यासकट खाली येतो. घरात कुणी साठीपुढचं असेल तर पडद्याचा रंग निवडण्याआधी भिंतीत बोल्टने ठोकलेला स्टीलचा हँडल बसवा, आणि दांडीही स्क्रूची लावा.